शोधखेळ, स्थान आणि दर्शन

जुन्या वस्तीतून मोबाइलच्या आधाराने एकट्याने किंवा लहान गटाने फिरायचे, पडद्यावर एकामागून एक उमटणाऱ्या कोड्यांची उत्तरे त्या वस्तीच्याच भिंतींवर, शिलालेखांत, कोनाड्यांत आणि देवळांच्या दारांवर हुडकायची आणि शेवटचे उत्तर नोंदवून खेळ पूर्ण करायचा, हा प्रकार जगातील अनेक ऐतिहासिक शहरांत आता रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखात त्याला शोधखेळ म्हटले आहे. त्याची वंशावळ फार जुनी नसली तरी अगदी कालचीही नाही. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर, क्रॅनमिअर पूल नावाच्या आडवाटेच्या जागी, जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ साली एक बाटली ठेवली आणि तेथवर पोहोचणाऱ्याने आपले नावपत्र तीत टाकावे अशी प्रथा पाडली. पुढे मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने उपग्रहांच्या स्थानदर्शक संकेतांत मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता काढून टाकली, तेव्हा लपवलेली डबी अक्षांश-रेखांशांवरून शोधण्याचा खेळ लगोलग सुरू झाला. आजचा शोधखेळ हा या दोन्हींचा वारस असला, तरी एका बाबतीत तो त्यांच्याहून वेगळा आहे. डबी खेळासाठीच लपवलेली असते. वस्ती मात्र खेळासाठी वसलेली नसते. देऊळ, दर्गा, मठ, समाधी यांसारख्या ज्या वास्तूंचा अर्थ माणसांच्या श्रद्धेत आणि नित्याच्या वहिवाटीत रुजलेला असतो, त्यांच्याकडे एखाद्या कोड्याचे उत्तर म्हणून जाणाऱ्याला त्या स्थानाचे ज्ञान होते का, आणि होत असल्यास ते कोणत्या प्रतीचे असते, हा प्रश्न म्हणूनच केवळ करमणुकीच्या कक्षेत राहत नाही.

या प्रश्नाचा विचार एका ठरावीक जागी उभे राहून केलेला बरा. पुण्याच्या सोमवार पेठेत, नागझरीच्या काठी, त्रिशुंड गणपतीचे काळ्या पाषाणातील मंदिर आहे. भीमगिरजी गोसावी यांनी त्याचे बांधकाम १७५४ साली आरंभिले आणि ते १७७० मध्ये पूर्णत्वास गेले. गाभाऱ्यातील गणपती तीन सोंडांचा असून तो मोरावर आरूढ आहे. गोसावी संप्रदायाचे हे स्थान असल्याने खाली तळघर आणि समाधी आहे. मंदिरात संस्कृत आणि फारसी अशा दोन्ही भाषांतील शिलालेख आहेत, आणि लेखांतून व शिल्पांतून गणपतीबरोबरच शिवाचे आणि दत्तगुरूंचेही संदर्भ येतात. दर्शनी भिंतीवर द्वारपाल, हत्ती आणि पोपट यांच्या गर्दीत एका साखळदंडाने बांधलेल्या गेंड्याचे शिल्प असून त्याला बांधणारे शिपाई पोशाखावरून युरोपीय दिसतात. मागच्या भिंतीवर लिंगोद्भवाचे, म्हणजे अनंत ज्योतिस्तंभातून शिव प्रकट झाल्याच्या कथेचे, शिल्प आहे. कोडी रचणाऱ्याला यापेक्षा सुपीक भिंत मिळणे कठीण; गेंडा शोधा, फारसी अक्षरे शोधा, सोंडा मोजा असे प्रश्न जवळजवळ आपोआपच सुचतात. हेच मंदिर कोड्यांपलीकडच्या गोष्टींनीही भरलेले आहे, आणि म्हणून ते या विवेचनासाठी निवडले आहे.

कोड्यावरून वस्तू ओळखणे ही ज्ञानाची कोणती जात आहे, याचे उत्तर न्यायदर्शनात फार नेमके सापडते. न्यायाने यथार्थ ज्ञानाची जी चार साधने मानली, त्यांतील तिसरे उपमान होय. त्याचे परंपरागत उदाहरण असे की, एका नगरवासी माणसाने गवय नावाचा प्राणी कधी पाहिलेला नसतो. एक अरण्यवासी त्याला सांगतो की गवय हा गाईसारखा असतो. पुढे तो माणूस रानात जातो, गाईसारखा एक प्राणी पाहतो, ऐकलेले वाक्य त्याला आठवते आणि 'गवय म्हणतात तो हाच' असे ज्ञान त्याला होते. या ज्ञानाचा विषय संज्ञा आणि संज्ञी, म्हणजे नाव आणि नावाची वस्तू, यांचा संबंध आहे, असे नैयायिक स्पष्टपणे सांगतात. गवय काय खातो, कळपात कसा वागतो, त्याला कशाचे भय वाटते, यांतील काहीही त्या क्षणी कळलेले नसते आणि तसा दावाही कोणी करत नाही. शोधखेळातील अरण्यवासी म्हणजे फोनमधील वाक्य, आणि 'बांधलेला गेंडा तो हाच' असे म्हणून बोट टेकवणारा खेळाडू म्हणजे तो नगरवासी. त्याला झालेले ज्ञान खोटे नाही, क्षुल्लकही नाही. ज्याने आयुष्यभर त्या रस्त्याने जाऊनही भिंतीकडे मान वर करून पाहिले नाही त्याच्यापेक्षा तो एक पाऊल पुढेच आहे. पण त्या ज्ञानाची सीमा न्यायानेच आखून दिली आहे.

शोधखेळाच्या बाजूनेही एक भक्कम युक्तिवाद उभा राहतो, आणि तो थेट वेदान्तातून येतो. ब्रह्मसूत्रांवरील भाष्याच्या आरंभी शंकराचार्य एक शंका उपस्थित करतात. ब्रह्म आधीच ज्ञात असेल तर त्याची जिज्ञासा करण्याचे कारण उरत नाही, आणि ते सर्वस्वी अज्ञात असेल तर त्याची जिज्ञासा करणे शक्यच नाही. मग जिज्ञासेला जागा कोठे? त्यांचे उत्तर असे की, आत्मा म्हणून ब्रह्म सर्वांना सामान्यतः परिचित आहे, परंतु त्याच्या विशेष स्वरूपाविषयी मतभेद आहेत, आणि या अर्धवट परिचयातूनच जिज्ञासा संभवते. हा विचार वस्तीला लावून पाहिला तर असे दिसते की, पुणेकराला सोमवार पेठ पूर्ण अज्ञात नसते आणि पूर्ण ज्ञातही नसते. ती सवयीने झाकलेली असते, आणि सवयीचे झाकण काढण्यासाठी कोणीतरी प्रश्न विचारावा लागतो. चांगले कोडे नेमके हेच काम करते. रोजच्या भिंतीत एक अनोळखी जागा असल्याचे ते जाणवून देते, आणि तेवढ्यापुरते ते जिज्ञासेचे खरे साधन ठरते. म्हणून खेळ आहे एवढ्यावरून तो उथळ आहे असे मानणाऱ्यांशी सहमत होता येत नाही. योहान हाइझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात दाखवले होते की, रोजच्या व्यवहारापासून वेगळी आखलेली जागा आणि तेथे पाळायचे नियम ही लक्षणे खेळात आणि धर्मविधीत समानच असतात. मराठी भक्तिपरंपरेला तर हे कोणी शिकवण्याची गरज नाही, कारण वाळवंटात फुगडी घालणारा वारकरी खेळतो आहे की भजतो आहे असा भेद तेथे कोणी करत नाही.

तरीही लिखित सूचनांच्या आधारे स्थळे शोधत फिरण्याची महाराष्ट्राची स्वतःची एक परंपरा आहे, आणि तिच्याशी तुलना केल्यावर शोधखेळाचे न्यून अधिक स्पष्ट होते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथ स्थापिला. स्वामींच्या निर्गमनानंतर म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, भेटेल त्या प्रत्यक्षदर्शी माणसाकडून आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. आणि त्याच परंपरेत पुढे 'स्थानपोथी' हा ग्रंथ तयार झाला, ज्याचे संपादन विसाव्या शतकात वि. भि. कोलते यांनी केले. स्थानपोथीचे स्वरूप आजच्या वाचकालाही चकित करणारे आहे. स्वामी ज्या ज्या गावी गेले त्या गावातील देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला आहे, त्याचे दार कोणत्या दिशेस तोंड करून आहे, देवळाच्या कोणत्या भागात त्यांचा मुक्काम होता, ते बसत कोठे, भोजन कोठे झाले, येथपासून देहधर्मासाठी ते कोठे जात येथपर्यंतच्या जागा तीत कोरड्या, मोजक्या आणि निःसंकोच भाषेत सांगितल्या आहेत. ही पोथी हाती असलेल्या भिक्षूला वाटाड्याची गरज नव्हती. दिशा आणि खुणा जुळवत तो त्या जागेवर पोहोचत असे. रूपाचा विचार केला तर शोधखेळाच्या इतका जवळ जाणारा दुसरा मराठी ग्रंथ दाखवता येणार नाही.

रूप सारखे असूनही प्रयोजनात मात्र मोठे अंतर आहे. महानुभाव तत्त्वज्ञानात कोणतीही जागा स्वभावतः पवित्र नसते. परमेश्वरावताराचा तिला स्पर्श झाला, म्हणजे तिला 'संबंध' घडला, म्हणून ती वंद्य ठरते. देवळातील मूर्तीला या पंथात उपास्य मानलेले नाही, पण त्याच देवळाच्या ओसरीतील ज्या जागी स्वामी टेकले ती जागा नमस्काराची आहे, आणि अशा जागा दाखवणारे ओटे आजही पूजिले जातात. तेथे पोहोचलेल्या भिक्षूचे काम पोहोचण्याने संपत नसे. तेथे घडलेली लीळा आठवायची, ती मनात पुन्हा घडू द्यायची आणि तिच्या आधाराने स्वामींच्या विरहात राहायचे, हे काम पोहोचल्यावर सुरू होई. या आठवण्याला पंथात स्मरण म्हणतात आणि ते साधनेचे प्रमुख अंग आहे. म्हणूनच एकदा सापडलेल्या स्थानी पुन्हा जाण्यात भिक्षूला काहीच निरर्थक वाटत नसे, उलट पुन्हा जाणे हेच अपेक्षित होते. शोधखेळ मात्र दुसऱ्यांदा खेळता येत नाही, कारण उत्तर कळल्याबरोबर त्याचा सारा रस संपलेला असतो. ज्याचे मूल्य पहिल्या सापडण्याबरोबर खर्ची पडते ते कोडे, आणि ज्याचे मूल्य परत येण्याने वाढते ते स्थान, अशी विभागणी या तुलनेतून हाती येते. एकाच भिंतीकडे दोन्ही प्रकारे जाता येते, पण एकाच वेळी दोन्ही प्रकारे जाणे फार अवघड आहे.

स्थानपोथीच्या जगात आणखी एक गोष्ट आहे, जी फोनच्या जगात जवळजवळ आढळत नाही. महानुभाव ग्रंथांत एकाच प्रसंगाविषयी निरनिराळ्या आचार्यांच्या स्मरणात फरक असेल तर तो लपवला जात नाही. अमक्याच्या मते असे घडले, तमक्याच्या मते तसे, अशी पाठभिन्नता नावानिशी नोंदवली जाते, आणि या भिन्न पाठाला 'वासना' अशी संज्ञा आहे. ज्या परंपरेत आठवणीवर मोक्षसाधन अवलंबून आहे, त्या परंपरेने आठवणीतील मतभेद पुसून एक सोयीचे उत्तर करण्याचा मोह टाळला, ही बौद्धिक प्रामाणिकपणाची असामान्य गोष्ट मानली पाहिजे. फोनवरील कोड्याला मात्र एकच उत्तर बरोबर ठरवावे लागते; चौकटीत भरलेला शब्द जुळला तर पुढचे कोडे उघडते, नाही तर उघडत नाही. तीन सोंडा हे उत्तर अशा चौकटीत सहज मावते. साखळदंडाने बांधलेला गेंडा कशाचे चिन्ह आहे हे मावत नाही. १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर बंगालवर इंग्रजांनी बसवलेल्या अमलाचे ते रूपक आहे असा एक अर्थ लावला जातो. तो मंदिराच्या बांधकामाच्या काळाशी जुळतो आणि मनाला पटतोही, पण शिल्पकाराने स्वतः काहीच लिहून ठेवलेले नसल्यामुळे तो अर्थ अखेर अनुमानच राहतो. कोड्याच्या सोयीसाठी त्या अनुमानाचे उत्तर झाले, तर भिंतीवरील शिल्प बोलायचे थांबते.

मागच्या भिंतीवरील लिंगोद्भवाकडे वळल्यावर प्रश्न आणखी खोल जातो, कारण ते शिल्प स्वतःच एका शोधाची कथा सांगते. शिवपुराणात येणाऱ्या या कथेनुसार ब्रह्मा आणि विष्णू यांच्यात श्रेष्ठत्वाचा वाद चालू असता त्यांच्यामध्ये एक प्रचंड अग्निस्तंभ प्रकटला. ज्याला त्याचा अंत सापडेल तो श्रेष्ठ असे ठरून ब्रह्मा हंसाच्या रूपाने वर उडाला आणि विष्णू वराहाच्या रूपाने भूमी उकरत खाली गेला. विष्णू परत आला आणि अंत सापडला नाही असे त्याने कबूल केले. ब्रह्म्याला मात्र वाटेत वरून खाली येणारे केतकीचे फूल भेटले, त्याने त्या फुलाला साक्षीला घेतले आणि शिखर पाहिल्याचा दावा केला. खोटे उघडे पडल्यावर ब्रह्मा पूजेला मुकला, आणि शिवपूजेत केवडा वर्ज्य मानण्याच्या रूढीचे मूळही याच कथेत सांगितले जाते. स्तंभाचा अंत न सापडणे हा या कथेत कोणाचाही दोष नाही. तो स्तंभच तसा आहे. दोष आहे तो न पाहिलेले पाहिले म्हणण्यात, आणि त्या म्हणण्याला एक सोयीचा साक्षीदार मिळवण्यात.

ही कथा शोधखेळाला लावताना ओढाताण करावी लागत नाही, कारण शोधखेळाची सारी रचना साक्षीवर उभी आहे. खेळाडू जागेवर पोहोचला हे फोनने उपग्रहांच्या संकेतांवरून पटवायचे असते. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचे हे मोजमाप सुमारे पाच मीटरपर्यंत अचूक असते, आणि पेठेतल्या अरुंद, दुतर्फा इमारतींच्या गल्लीत संकेत भिंतींवर आपटून येत असल्यामुळे ते आणखी सैल होते. परिणामी मंदिराच्या उंबऱ्याआत पाऊल न टाकता, रस्त्यावरच उभे राहून, किंबहुना शेजारच्या घरासमोर थांबूनही मंदिर 'झाले' अशी नोंद होऊ शकते. येथे तंत्रज्ञानातील त्रुटी ही मुख्य अडचण नाही. उद्या मोजमाप बोटभर अंतराइतके अचूक झाले तरी फूल ते फूलच राहील. शरीर एका बिंदूवर होते एवढ्याचीच साक्ष ते देऊ शकते, आणि माणूस त्या साक्षीला पाहिल्याचा पुरावा मानू लागतो. यात खेळाडू लबाड असतो असे नाही. खेळात 'सापडले नाही' असे सांगण्याची जागाच ठेवलेली नसते, आणि जेथे विष्णूचे उत्तर देण्याची सोय नाही तेथे सर्वांच्या वाट्याला ब्रह्म्याचेच उत्तर येते, ही खरी अडचण आहे. लाल महालाच्या बाबतीत तर ती उघडच दिसते. शिवाजी महाराजांचे बालपण जेथे गेले तो मूळ वाडा काळाच्या ओघात नष्ट झाला आणि आज दिसणारी वास्तू पुणे महानगरपालिकेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारली. तेथे उभ्या असलेल्या माणसाला 'लाल महाल सापडला' असे सांगणारा फोन अर्धेच सांगत असतो.

हिंदू धर्मव्यवहारात मंदिरात जाण्याच्या क्रियेला दर्शन म्हणतात, आणि त्यात भाविक देवाला पाहतो तितकाच देवही भाविकाला पाहत असतो अशी धारणा आहे. मूर्तीत प्राणप्रतिष्ठेच्या वेळी डोळे उघडण्याचा विधी याच धारणेतून आला. या परस्परतेला शोधखेळात स्थान नाही, कारण तेथे पाहणारा एकच असतो आणि बाकी सारे पाहण्याचे विषय. ही बाब देवळापुरती राहिली असती तरी विचारणीय होती, पण ती वस्तीतील माणसांनाही लागू पडते. कसबा पेठेतील तांबट आळीत त्वष्टा कासार आजही तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करतात, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी पत्र्याला घट्टपणा आणि चकाकी आणतात. त्या ठोक्यांचा आवाज कोड्यातील खूण म्हणून उत्तम आहे, पण ठोके घालणाऱ्याकडे केवळ खूण म्हणून पाहून पुढे गेलेला माणूस आळीत येऊनही आळीत शिरलेला नसतो. येथे पुन्हा महानुभाव विचार मार्गदर्शक ठरतो. त्या पंथात साधकाला आधार देणारे चार घटक मानले आहेत: स्थान, प्रसाद, म्हणजे स्वामींच्या संबंधातील वस्तू, भिक्षुक, म्हणजे संन्यासी अनुयायी, आणि वासनिक, म्हणजे गृहस्थाश्रमात राहणारा अनुयायी. चारांपैकी दोन घटक जिवंत माणसे आहेत. जागा आणि तिथली माणसे यांना एकाच पंक्तीत बसवणारी ही गणना आजच्या कोणत्याही नकाशात नाही.

स्थानाचा असा अवमान होतो ही भावना केवळ भारतीय नाही. २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' हा फोनवरचा खेळ जगभर पसरला, तेव्हा वॉशिंग्टन येथील होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयाने आपल्या आवारात तो खेळू नये अशी विनंती लोकांना केली, आणि त्याच वर्षी त्या खेळातील अंडी देवळांच्या जागी दिसतात या आक्षेपावरून गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. त्या खेळाला स्थळाशी काही देणेघेणेच नव्हते, त्यामुळे तेथे निर्णय सोपा होता. शोधखेळाला स्थळाविषयी खरोखर आस्था असते, म्हणून त्याच्याबाबत बंदीची भाषा अप्रस्तुत आहे आणि त्याच्या रचनेविषयी आग्रह धरणे योग्य आहे.

तो आग्रह त्रिशुंड मंदिराच्या भिंतीवर कसा उतरेल हे सांगता येते. गेंड्याच्या शिल्पाशी आलेल्या खेळाडूला एक शब्द भरायला सांगण्याऐवजी त्या शिल्पाचे लावले गेलेले अर्थ वासनांप्रमाणे शेजारी शेजारी ठेवता येतील आणि त्यांपैकी कोणता पटतो, का पटतो, हे त्याला लिहू देता येईल. फारसी लेखापाशी गोसाव्यांच्या मठात फारसी का आली याचा विचार करायला लावता येईल. गोसावी हे त्या काळचे मोठे व्यापारी आणि सावकार होते आणि फारसी ही दूरवरच्या व्यवहाराची भाषा होती, या दोन गोष्टी सांगितल्या की उत्तराकडे जाणारी वाट खेळाडू स्वतः शोधू शकतो. मागच्या भिंतीवर हंस आणि वराह यांच्यापैकी खरे कोण बोलले असे विचारता येईल, आणि त्यानंतरच्या प्रत्येक टप्प्यावर 'सापडले नाही' हे उत्तर पूर्ण गुणांचे ठरवता येईल, ज्यायोगे एखादी पुसट ओळ वाचता न आलेला माणूस अंदाजाने काहीतरी भरून पुढे जाणार नाही. त्याच वाटेवर पुन्हा येणाऱ्याला, पावसाळ्यात किंवा उत्सवात, वेगळे काय दिसले हे विचारणारी रचनाही अशक्य नाही. गाभारा मात्र या नकाशाबाहेर ठेवावा लागेल, कारण मूर्तीच्या सोंडा मोजून झाल्यावरही भाविक तेथे उभाच असतो आणि त्याच्या उभे राहण्याचे कारण त्या आकड्यात येत नाही.